खेळातल्या विटा आणि घराच्या भिंती

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त हिंजवडी येथे दिलेले भाषण)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावेत असे मंडळाने कळविले, तेव्हा विषय शोधण्यास मला लांब जावे लागले नाही. नातवंडांच्या खोलीत पाऊल टाकले की जो पायाला टोचतो, तोच विषय मी घेतला आहे! ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांच्या चेहऱ्यांवरूनच दिसते की मला काय म्हणायचे आहे ते त्यांना कळले. वर गुंड्या असलेल्या, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या त्या रंगीत प्लॅस्टिकच्या विटा. आपण त्या रोज संध्याकाळी गोळा करून डब्यात भरतो आणि ‘काय हा पसारा’ म्हणून सुस्कारा सोडतो. पण त्या डब्यात गवंडीकामाचे निम्मे शास्त्र आहे, आणि ते आपणां बायकांना ठाऊक असणे अत्यंत जरुरीचे आहे, असे मला आज सांगावयाचे आहे.

मी काही स्थापत्यशास्त्र शिकलेली नाही. माझ्या माहेरी गवंडीकाम होते आणि पुढे माझी बरीच वर्षे बालवाडीत गेली. या दोन शिदोऱ्यांवरच मी बोलणार आहे. आपले हे हिंजवडी पाहा. एका अंगाला गावठाणातील जुनी घरे, दुसऱ्या अंगाला आयटी पार्कच्या सभोवार उठलेल्या उंचच उंच इमारती. घर कोणतेही असो, त्याच्या भिंतींच्या आत अधिक वेळ जातो तो बाईचा आणि मुलांचा. घर बांधताना नकाशावर सही घरमालकाची असते, हिशेब ठेकेदाराचा असतो. पण गवंड्याला पाणी देणारी, चहा करणारी, दिवसभर समोर थर चढताना पाहणारी घरची बाईच असते. ती सगळे पाहते, पण तिला विचारीत कोणी नाही, आणि काय पाहावे हे ठाऊक नसल्यामुळे तीही बोलत नाही. ते आता बदलावयास हवे.

प्रथम या खेळाची थोडी कुळकथा. मुलांनी ठोकळे रचावेत हा विचार जर्मनीतील फ्रोबेल यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. त्यांनी १८३७ साली सुरू केलेल्या शाळेतून पुढे ‘किंडरगार्टन’ हे नाव जगभर गेले. त्यांच्या खेळण्यांपैकी चौथ्या पेटीत आठ लाकडी विटा असत. प्रत्येकीची लांबी रुंदीच्या दुप्पट आणि रुंदी जाडीच्या दुप्पट. फ्रँक लॉइड राइट या विख्यात अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाच्या आईने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही खेळणी पाहिली आणि मुलाला आणून दिली. त्यांचा स्पर्श आपल्या बोटांत जन्मभर राहिला, असे तो पुढे सांगत असे. आईने आणलेल्या खेळण्याचा परिणाम कुठवर पोचतो ते पाहा!

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि मोरगावच्या अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे बालवाड्या चालविल्या. महागडी साधने खेड्यात कोठून येणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे अशा जवळच्याच वस्तूंतून साधने तयार केली. आपल्या पायाला टोचणारी वीट मात्र डेन्मार्कची. लेगो या कारखान्याने १९४९ पासून अशा विटा काढल्या. पण त्या आतून पोकळ असल्यामुळे नीट धरत नसत. १९५८ साली विटेच्या पोटात नळ्या घातल्या, त्या नळ्यांनी खालच्या गुंड्या पकडल्या आणि विटा घट्ट बसू लागल्या. त्या सालची वीट आजच्या विटेवर बसते. मापात इतकी शिस्त!

आता धड्यांकडे वळू. पहिला धडा सांधेमोडीचा. मुलाला नुसत्या विटा द्या. ते प्रथम एकावर एक, एकावर एक असे मनोरे रचील आणि शेजारी शेजारी उभे करून त्याला भिंत म्हणेल. बोटाने ढकलले की प्रत्येक मनोरा वेगळा पडतो. मग त्याला सांगा, खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरच्या विटेचा मध्य येऊ दे. तीच विटांची संख्या, तोच हात; पण आता एक वीट ढकलली तर सारी भिंत मिळून तिला सावरते. खऱ्या भिंतीतही हेच. उभे सांधे एकाखाली एक सरळ रेषेत आले, तर पुढे तडा त्याच वाटेने जाण्याची भीती असते. भिंतीसमोर उभे राहून सांधे एका रेषेत येताहेत का, एवढे पाहण्यास कोणतीही पदवी लागत नाही.

दुसरा धडा कोपऱ्याचा. दोन भिंती नुसत्या टेकवून ठेवल्या तर तो कोपरा नव्हे. एका थरात या भिंतीची वीट कोपऱ्यापर्यंत न्यावी, वरच्या थरात त्या भिंतीची. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंफावी तसे. जुन्या घराला नवी खोली जोडताना तर याची फारच गरज असते. आमच्या ओळखीच्या एका घरी स्वयंपाकघर वाढविले. नवी भिंत जुन्या भिंतीला नुसती खेटून उभी केली; जुन्या विटा जागोजाग काढून त्यांत नव्या शिरविण्याचा खटाटोप कोणी केला नाही. दोन पावसाळ्यांत जोडावर वरपासून खालपर्यंत चीर पडली. त्या घरची सून मला म्हणाली, “काकू, मुलाच्या खेळातले घर याहून बरे जोडलेले असते हो!” तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

तिसरा धडा भिंतीच्या जाडीचा आहे. येथे मला किल्लारीची आठवण करून द्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. माणसे दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत धरणी हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती बारीक नव्हत्या. दोन-अडीच फूट आणि त्याहूनही जाड होत्या. मग त्या का पडल्या? बाहेरचा दगडी पापुद्रा वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये गोटे-मातीची भर. दोन्ही पापुद्र्यांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसताच दोन्ही बाजू फुगून सुटल्या आणि डोक्यावरचे मातीचे जड धाबे खाली आले.

हे मुलांना, आणि स्वतःलाही, दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात. एका पाटावर गुंड्यांची बैठक ठेवा. तिच्यावर एक-एक गुंडी रुंदीच्या दोन भिंती थोड्या अंतराने समोरासमोर उभ्या करा, मध्ये मणी किंवा चवळीचे दाणे भरा आणि पाट हलवा. दाणे दाबतात, भिंती बाहेरच्या अंगाला कलतात. आता तीच रचना पुन्हा करा. पण दर दोन-तीन थरांनी, थोड्या थोड्या अंतरावर, दोन्ही भिंतींवर बसेल अशी एक वीट आडवी टाका. पाट हलवा. भिंत उभी राहते. दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फुटांच्या आत असा आरपार दगड हवा, असे आपल्या देशाच्या भूकंपविषयक मानकांत सांगितले आहे. विटांच्या नऊ इंची भिंतीतही काही विटा लांबीत आणि काही आरपार घालतात, त्याचे कारण हेच. गिलावा झाल्यावर हे काहीच दिसत नाही. म्हणून ते गिलाव्यापूर्वी पाहावयाचे.

चौथा धडा पट्ट्याचा. बुरूडकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की टोपलीची सारी मजबुती तिच्या काठात असते. काठ सुटला की कामट्या विस्कटतात. खेळातल्या घराला खिडक्यांच्या वर लांब पट्ट्यांचा एक थर चारी बाजूंनी, कोपऱ्यांवरून वळवून बसवा. घर उचलले तरी भिंती सुटत नाहीत. खऱ्या घरात लिंटेलच्या उंचीवर सळ्या घालून काँक्रीटचा असा पट्टा सलग फिरवितात. किल्लारीनंतर याचे महत्त्व पुष्कळांना पटले. तो तुकड्यातुकड्यांनी, फक्त खिडक्यांपुरता घातला तर टोपलीचा काठ जागोजाग कापल्यासारखे होते.

पाचवा धडा खिडकीचा. खिडकी मोकळी ठेवली की वरच्या विटा कशावर टेकणार? मूल आपोआप लांब तुकडा शोधते. तो दोन्ही बाजूंना पुरेसा टेकला नाही तर निसटतो. खऱ्या लिंटेलला दोन्ही अंगांना निदान सहा इंच टेकू हवा. आणि खिडकी कोपऱ्याला खेटून ठेवू नये. कोपरा अशक्त होतो. लांब तुकडा नसेल तर हुशार मुले प्रत्येक थर थोडा थोडा पुढे काढून वर दोन्ही बाजू मिळवितात. आपल्या हेमाडपंती देवळांच्या छतांत हीच युक्ती आहे, आणि तेथील दगड चुन्यावाचून एकमेकांत बसविलेले आहेत. आपल्या पूर्वजांचा हा खेळ दगडाचा होता, एवढाच फरक.

सहावा धडा मापाचा. खेळातल्या तीन चपट्या विटा एकावर एक ठेवल्या की बरोबर एका पूर्ण विटेची उंची होते. म्हणूनच कसेही रचले तरी शेवटी माथा जुळतो. आपल्याकडे प्रमाण वीट १९ सेंटिमीटर लांब, ९ रुंद आणि ९ उंच ठरविली आहे. एक सेंटिमीटर सांध्यासाठी धरला की २०, १० आणि १०. लांबीत एक वीट म्हणजे रुंदीत दोन विटा! विटांचे माप वेडेवाकडे असले की सांधे कोठे जाड, कोठे बारीक होतात आणि सांधेमोड बिघडते. विटांची गाडी आली की चार विटा एकावर एक ठेवून पाहाव्यात. एवढ्याने पुष्कळ काही कळते.

आता खेळ काय शिकवीत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर अर्धवट ज्ञान व्हायचे. गुंड्यांच्या विटा एकमेकींना ओढून धरतात. खरी वीट वजन झेलते, पण ताण फारसा सोसत नाही. खेळातल्या घराला वजन नाही, म्हणून त्याला पाया लागत नाही. आणि खेळातली भिंत तहानलेली नसते. खरी वीट लावण्यापूर्वी भिजवावी लागते, नाहीतर ती मसाल्यातले पाणी शोषून घेते. बांधून झाल्यावरही भिंतीवर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. ‘पाणी मारले का?’ हे विचारण्याचे काम तर घरच्या बाईने अवश्य आपल्याकडे घ्यावे.

आणखी एक उणीव. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. विटांच्या खेळात हे दिसत नाही. त्यासाठी अरविंद गुप्ता यांची युक्ती घ्यावी. पुण्याच्या टेल्कोतील नोकरीनंतर त्यांनी मुलांच्या विज्ञानालाच वाहून घेतले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि आगकाड्या एवढ्यावर ते चौकोन, त्रिकोण आणि घरे उभी करून दाखवितात. चौकोनात एक तिरकी काडी घातली की तो ताठ होतो. पत्र्याच्या शेडला तिरके अँगल कशाला, हे त्यावरून पोरही सांगेल.

येथे बसलेल्या पुष्कळजणी म्हणतील, आम्ही विसाव्या मजल्यावर राहतो, आम्हांला विटांशी काय कर्तव्य? भगिनींनो, तुमच्यासाठी शेवटचा धडा आहे. मुलांना रचलेल्या घरातली एक-एक वीट काढावयास सांगा. काही विटा काढल्या तरी काही होत नाही. एखादी काढली की सगळेच कोसळते. काही इमारतींत भार खांब आणि तुळयांवर असतो, मधल्या भिंती नुसत्या आडोशाच्या. पण अलीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंतीच काँक्रीटच्या ओतून पुष्कळ इमारती उभ्या राहतात. तेथे भिंत हाच खांब. स्वयंपाकघर मोठे करावे, दोन खोल्यांची एक करावी, म्हणून अशी भिंत फोडणे म्हणजे आपल्याबरोबर वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांनाही धोक्यात घालणे. सजावट करणारा ‘काही होत नाही’ म्हणाला, तरी इमारतीचा नकाशा मागावा आणि स्थापत्य अभियंत्याचा लेखी सल्ला घेतल्यावाचून हातोडा लावू देऊ नये.

शेवटी मंडळाला एक विनंती. वाढदिवसाला मुलाला विटा आणि मुलीला बाहुली, ही वाटणी आपण मोडावी. बाहुली वाईट नव्हे. पण बाहुलीचे घरही तिला बांधू द्यावे. या विटा सर्वांना परवडत नाहीत हे मी जाणते. मंडळाने एक मोठा डबा घ्यावा आणि वाचनालयाच्या पुस्तकांप्रमाणे तो आळीपाळीने घरोघर द्यावा. तोवर रिकाम्या काडेपेट्या आहेतच. सांधेमोड आणि कोपरा त्यांतूनही उत्तम शिकविता येतो. महिन्यातून एक दुपार आपणही मुलांबरोबर मांडी घालून बसावे. ज्या बाईने स्वतःच्या हाताने कोपरा गुंफला आहे, ती उद्या घराच्या बांधकामावर उभी राहून “हा सांधा मोडून घ्या” असे सांगेल, आणि गवंडीही तिचे ऐकेल.

 मंडळाची इमारतही अशीच, प्रत्येक सभासदाचा भार शेजारणीने थोडा वाहून, वर्षानुवर्षे उभी राहो, अशी शुभेच्छा व्यक्त करून आपली रजा घेते.