पणजोबांची केतुबा आणि दोन देशांचे कायदे

(अल्फारेटा येथील भाषणाचा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी कित्येकजण मुंबईस आणि तेथून अलिबाग, पेण, रेवदंड्यास जातात. वडिलार्जित घराची आवराआवर होते, पेटीच्या तळाशी पणजोबांची केतुबा सापडते आणि ती इकडे आणावीशी वाटते. ही ओढ स्वाभाविक आहे. पण तिच्या वाटेवर दोन कायदे उभे आहेत.

भारताच्या १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू आणि ७५ वर्षांहून जुना महत्त्वाचा दस्तऐवज ‘पुरावशेष’ ठरतो. तो खासगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाही. शिक्षा किमान सहा महिन्यांची कैद.

अमेरिकेची बाजू २६ जुलै २०२४ रोजी बदलली. त्या दिवशी दिल्लीत सांस्कृतिक मालमत्तेविषयी उभय देशांचा करार झाला. पूर्वी वस्तू चोरीची आहे हे सरकारला सिद्ध करावे लागे. आता यादीतील वस्तूंचे कागद आणणाऱ्यानेच दाखवावयाचे. यादीत १९४७ पर्यंतच्या धार्मिक विधींच्या वस्तू व हस्तलिखितेही आहेत. रोख अर्थातच देवळांतून चोरलेल्या मूर्तींवर आहे. परंतु सेफेर तोराही त्याच शब्दांत बसू शकतो.

यहुदी मनाला येथे शंका येते, आणि ती रास्त आहे. १९५१ मध्ये इराकने देश सोडणाऱ्या यहुद्यांची मालमत्ता गोठविली. २००३ मध्ये बगदादच्या गुप्तचर कार्यालयाच्या पाण्याने भरलेल्या तळघरात त्यांचीच पुस्तके व कागदपत्रे सापडली. अमेरिकेने ती जतन केली, पण परत देण्याचे वचन दिले ते इराक सरकारला! ज्याने हिरावले त्यालाच वारस मानणारा कायदा मला मान्य नाही.

भारताची गोष्ट निराळी. तेथून आपल्याला कोणी हाकलले नाही. आपण स्वखुशीने निघालो. म्हणून तेथील कायद्याचा मान राखणे आपले कर्तव्य आहे. तरीही प्रश्न सरळ नाही. कोचीनच्या कदवुंभागम सिनेगॉगचे कोरीव लाकडी अंतरंग जेरुसलेमच्या संग्रहालयात सुखरूप आहे, आणि मट्टांचेरीतील मूळ वास्तू २०१९ मध्ये ढासळली. वस्तू जागीच राहिल्याने वाचते असे नाही. सांभाळणारी माणसे लागतात, आणि कोकणात ती दरवर्षी कमी होत आहेत.

माझे मत असे. सेफेर तोरा, जुने दिवे, केतुबा सामानात लपवून आणू नयेत. सेफेर चालू सिनेगॉगला द्यावा, केतुबेची उत्तम छायाचित्रे घ्यावीत. वस्तू पुरावशेष आहे की नाही याचा संशय असल्यास भारतीय पुरातत्त्व खात्याकडे दाखला मागावा. ज्या वस्तू करारापूर्वीच येथे आल्या आहेत, त्यांच्या आगमनाचा पुरावा जपावा: जुने पत्र, पावती, भिंतीवरचा दिवा दिसणारे लग्नाचे छायाचित्र. असे काही असल्यास पुढील सभेस अवश्य आणावे. आपण त्यांची नोंदवही सुरू करू.