तान्ह्या बाळाची श्रवणपरीक्षा

गुरुकुंज मोझरीचें नांव निघालें कीं वऱ्हाडी माणसाच्या कानीं खंजिरीचा नाद घुमूं लागतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं येथें १९३५ सालीं आश्रम स्थापिला. आजहि तेथें सामुदायिक प्रार्थना होते. मांडीवरचें तान्हें बाळहि तो स्वर ऐकत असेल, असें आई गृहीत धरते. परंतु श्रोतेहो, दर हजारांत एक-दोन बाळें अशीं जन्मतात, कीं ज्यांस तो स्वर ऐकूंच येत नाहीं. आणि घरांत हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

आजी पाळण्यापाशीं थाळी वाजविते. बाळ दचकतें आणि घर निश्चिंत होतें. पण पुष्कळदां बाळ दचकतें तें हाताच्या हालचालीनें किंवा पाळण्यास बसलेल्या हादऱ्यानें. शिवाय बहिरें बाळहि पहिले कांहीं महिने इतरांसारखेंच रडतें, हुंकारतें. दोन वर्षें लोटतात, शब्द फुटत नाहीं. तेव्हां “याचा बापहि उशिरांच बोलला होता” असें म्हणून आणखी एक वर्ष दवडलें जातें. भाषा शिकण्याचा उत्तम काळ यांतच सरतो. मूल मुकें ठरतें. वस्तुतः बहुधा त्याच्या कंठांत कांहींच दोष नसतो.

१९७८ सालीं लंडनमध्यें डेव्हिड केंप या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं निरोगी कान स्वतःहि अतिसूक्ष्म ध्वनि बाहेर टाकतो. या शोधावरच नवी परीक्षा आधारलेली आहे. निजलेल्या बाळाच्या कानांत लहानशी मऊ नळी बसवितात. तींतून बारीक टिकटिक सोडतात व आंतून उलट येणारा ध्वनि यंत्र टिपून घेतें. काम कांहीं मिनिटांचें, सुई नाहीं, वेदना नाहीं. उत्तर न आल्यास बाळ बहिरेंच, असें समजूं नये; कानांत जन्मवेळचा मळ असला तरी असें घडतें. मात्र फेरतपासणी चुकवूं नये. अपुऱ्या दिवसांचीं किंवा तीव्र कावीळ झालेलीं बाळें असतील, तर त्यांची श्रवणनाडीहि तपासून घ्यावी.

पहिल्या महिन्याच्या आंत परीक्षा, तिसऱ्याच्या आंत निदान आणि सहाव्याच्या आंत उपचार, असा क्रम तज्ज्ञांनीं घालून दिला आहे. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. वेळीं कळलें, तर श्रवणयंत्र, जरूर तर शस्त्रक्रिया, अथवा खुणांची भाषा यांतून मुलास बोलाचालीची वाट सांपडते.

बारशाच्या दिवशीं आत्या बाळाच्या कानांत त्याचें नांव सांगते. तें नांव त्यास ऐकूं आलें कीं नाहीं, हें पाहण्याचीहि तीच वेळ होय.