डाऊन पेमेंटनंतरचे पैसे



मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. पण गेल्या वर्षी पुण्यात फ्लॅट घेताना मला साधी बेरीज जमली नाही.

व्याजाचं कर्ज घ्यावं की नाही, यावर अब्बांशी महिनाभर वाद झाला. तो वाद इथे आणत नाही. ज्यांचं कर्ज घ्यायचं ठरलंय, त्यांच्याशी बोलतो.

फ्लॅट 40 लाखांचा. इमारत तयार, भोगवटा पत्र मिळालेलं, म्हणून जीएसटी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 90 टक्के मिळू शकतात. त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्केच. म्हणजे कर्ज 32 लाख, माझे 8. माझ्याकडे 9 होते. मी खुशीत बयाणा देऊन मोकळा झालो.

मग कळलं, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. ती खिशातूनच. 7 टक्क्यांनी 2 लाख 80 हजार. नोंदणीचे 30 हजार. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का, तिच्यावर 18 टक्के जीएसटी, असे 18,880. एकूण 11 लाख 29 हजार!

बायको म्हणाली, "घर माझ्या एकटीच्या नावावर घेऊ." महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं, तर मुद्रांक शुल्क 1 टक्का कमी लागतं. नवरा-बायको दोघांची नावं लावली, तर ही सवलत नाही. 40 हजार वाचले. नातेवाइकांत कुजबुज झाली, "उद्या तिने घराबाहेर काढलं तर?" हा प्रश्न आजवर किती बायकांसाठी कुणी विचारला होता? बाकीचे पैसे बहिणीने हातउसने दिले.

शेवटी बँकेतला माणूस म्हणाला, "90 हजारांचा कर्जविमा कर्जातच टाकतो, खिशातून काही जात नाही." 9 टक्क्यांनी 20 वर्षांत त्या 90 हजारांचे 1 लाख 94 हजार होतात. विमा सक्तीचा आहे, असंही तो सांगत होता. मी म्हटलं, "तसं लिहून द्या." त्याने विषय बदलला.

1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना बँकेने मुख्य तथ्य पत्रक, म्हणजे केएफएस, द्यायलाच हवं. तेही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर असतो, म्हणजे व्याज आणि फी मिळून कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडतं तो आकडा. दोन बँकांची तुलना व्याजदरावर नको, एपीआरवर करा. जी फी या पत्रकात नाही, ती तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. वाचायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. "आजच सही करा" म्हणणाऱ्याला हे सांगा.

मी मराठीत पत्रक मागितलं. दोन दिवसांनी आलं, विम्याची ओळ काढून. टर्म विमा मी वेगळा घेतला. ते पत्रक सोबत आणलंय. चहाच्या वेळी बघा.