जामदारखान्याची किल्ली



जामदारखान्याची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, हा जुन्या संस्थानांतून मोठा नाजूक प्रश्न असे. संस्थाने गेली, प्रश्न मात्र उरला आहे. आजचा जामदारखाना सोन्यानाण्याचा नसून अक्षरांचा आहे. संगणकाला काय करावयाचे ते सांगणारा जो मजकूर प्रोग्रामर लिहितात, तो कित्येक मंडळी जगासाठी उघडा ठेवतात. कोणीही तो वाचावा, विनामूल्य वापरावा, चूक आढळल्यास दुरुस्ती सुचवावी, अशी या ओपन सोर्स नावाच्या चळवळीची रीत आहे. अँड्रॉइड फोनच्या अंतर्यामी जे लिनक्स असते, ते याच रीतीने वाढले.

परंतु सूचना करणे निराळे आणि ती मूळ दप्तरात उतरविणे निराळे. उतरविण्याचा हा अधिकार मोजक्या माणसांपाशीच असतो व त्याला 'कमिट'चा अधिकार म्हणतात. हा अधिकार वेतनाने मिळत नाही, पदवीने मिळत नाही, आणि पुष्कळदा देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसते. मग तो द्यावयाचा तरी कशाच्या आधारावर?

प्रत्येक घराण्याची चाल वेगळी. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. तेथे एकेका विभागाचे सांभाळ करणारे दुरुस्त्या पारखून वर पाठवितात आणि मुख्य दप्तरात त्या सामावून घेण्याचे काम आजही प्रायः टोरवाल्ड्स यांच्याच हातून होते. १९९५ साली सुरू झालेल्या अपाची मंडळाची पद्धत पंचायतीची आहे. कामातून ज्याची योग्यता दिसली, त्याचे नाव जुने सभासद आपसांत मांडतात, मते घेतात आणि मग त्याला अधिकार देतात. तेथे एखाद्या बदलास अधिकारी सभासदाने सकारण हरकत घेतली, तर ती एकटी हरकतही तो बदल अडवू शकते. फ्रीबीएसडीत नव्या माणसामागे काही काळ एक जुना माणूस पाठराखा म्हणून असतो. डेबियनमध्ये तर उमेदवाराची ओळख जुन्या सभासदाने पटवून घ्यावी लागते. प्रत्यक्ष भेटावे, सरकारी ओळखपत्र पाहावे आणि मग त्याच्या संगणकीय किल्लीवर आपली सही करावी, हा तेथला प्रघात.

या साऱ्यांच्या मुळाशी कसोटी एकच: पुष्कळ दिवस चांगले काम करून दाखवावे. एखाद्याच्या दुरुस्त्या तपासताना दरवेळी काहीच दोष सापडेनासा झाला, की तपासणाराच म्हणतो, बाबा, आता तूच उतरव. शिवाय दप्तरात केलेला प्रत्येक फेरफार, तो कोणाच्या नावाने व केव्हा झाला, हे नोंदलेले राहते आणि चुकला तर मागे घेता येतो. म्हणून अधिकार सढळ हाताने द्यावा, असे म्हणणारेही आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. किल्ली फार आवळून धरली तर नव्या माणसाचा उत्साह मावळतो आणि कारखाना एका म्हाताऱ्याबरोबर बंद पडतो.

तथापि चिकाटीचेही सोंग घेता येते, हे २०२४ साली जगाला कळले.

एक्सझेड या नावाची एक उपयुक्त वस्तू आहे. मोठ्या फायली दाबून लहान करणे हे तिचे काम. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक प्रकारात ती असते आणि तिचा सांभाळ वर्षानुवर्षे फिनलंडमधील एक गृहस्थ जवळजवळ एकट्याने, विनावेतन, फावल्या वेळात करीत. २०२१ साली जिया टॅन हे नाव धारण करणारी कोणी व्यक्ती दुरुस्त्या पाठवू लागली. दुरुस्त्या चांगल्या होत्या. २०२२ साली दुसऱ्याच काही नावांनी तक्रारी येऊ लागल्या: काम फार सावकाश चालले आहे, आणखी कोणाला तरी हाताशी घ्या. ही नावेही बनावटच असावीत, असा तपास करणाऱ्यांचा तर्क आहे. हे आपले बिनपगारी, हौसेचे काम आहे, अशी समजूत घालून त्या गृहस्थांनी पाहिली. पण तगादा थांबला नाही. अखेर जिया टॅनला अधिकार मिळाला, आणि २०२३ साली नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचे कामही त्याच नावाकडे गेले.

२०२४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत निघालेल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. ज्याच्याजवळ विशिष्ट गुप्त किल्ली, त्याला दूरच्या सर्व्हरमध्ये शिरून हवी ती आज्ञा देता यावी, अशी योजना होती. आणि चलाखी पाहा: त्याचा घातक भाग चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फायलींत दडविला होता, आणि तो जागा करणारी ओळ उघड्या दप्तरात नव्हतीच, ती लोकांच्या हाती देण्यासाठी बांधलेल्या गाठोड्यात तेवढी घातली होती. दप्तर वाचणाऱ्याला ती दिसणार कोठून?

उघडकीस आले ते योगायोगाने. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे, मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या यंत्रावर प्रवेश घेताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. अर्ध्या सेकंदाने कोणाचे काय बिघडते! पण त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जाहीर केले. तोवर ती आवृत्ती डेबियन, फेडोरा इत्यादींच्या चाचणीच्या प्रकारांत पोहोचली होती. सर्वत्र पसरण्याआधी ती रोखली गेली.

यावरून त्या गृहस्थांना बोल लावणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. कामाच्या कसोटीला जिया टॅन दोन वर्षे उतरले होते. अपाचीच्या पंचायतीनेही कदाचित होकारच दिला असता. उणीव राहिली ती निराळ्याच जागी. एवढ्या मोठ्या आधाराखाली खांब एकच होता, आणि तो थकला होता. थकलेल्याला किल्ली देण्याची घाई होते आणि दिल्यावर पाहणारा कोणी उरत नाही. दुसरे डोळे असते, गाठोडे आणि दप्तर ताडून पाहण्याचा नेम असता, तर पहिल्याच आवृत्तीत संशय येण्यास वाव होता. या प्रकारानंतर गाठोड्यावर न विसंबता थेट दप्तरातूनच बांधणी करावी, या विचाराला जोर आला आहे.

खांबाला टेकू देण्याचे प्रयत्नही झाले आहेत. जर्मनीत २०२२ साली याच हेतूने सॉव्हरिन टेक फंड हा सरकारी निधी सुरू झाला. अशा पायाभूत वस्तू सांभाळणाऱ्यांना त्यातून मोबदला दिला जातो. कोट्यवधींचा व्यापार फुकटच्या आधारावर करणाऱ्या कंपन्यांनी यात किती हात सैल करावा, याचा वाद मात्र मिटलेला नाही.

फिनलंडच्या त्या गृहस्थांनी पुन्हा सूत्रे हाती घेतली, जिया टॅनच्या नावावरील एकेक फेरफार तपासला आणि मे २०२४ मध्ये स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली. जिया टॅन कोण होते, एक माणूस की एक कचेरी, हे अद्याप जाहीर झालेले नाही.