दिवसाची शेज

रात्रीच्या झोपेसाठी पलंग असतोच. पण दिवसा टेकायला, पहुडायलाही माणसाने खास बैठका घडवल्या. प्राचीन ग्रीक पुरुष मेजवानीत डाव्या कोपरावर रेलून खात-पीत, म्हणून त्यांच्या बाकाला डोक्याच्या टोकाला टेकण असे. रोमनांनी असे तीन बाक तीन बाजूंना मांडून जेवणघरच उभे केले. चौथी बाजू वाढप्यांसाठी मोकळी. चीनमधल्या लुओहान बैठकीला तीन बाजूंनी कठडा असतो. मधोमध बुटके मेज, त्यावर चहा, दोन्हीकडे गप्पा मारणारे.

मला मात्र सगळ्यांत शहाणी रचना वाटते ती आपल्या बाजेची. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूताने इथल्या खाटांबद्दल आवर्जून लिहिले आहे: एकटा माणूस उचलून नेईल इतक्या हलक्या, आणि वीणच लवचीक असल्याने मऊपणासाठी वर काही अंथरायला नको. उन्हाळ्यात विणीतून खालूनही वारा लागतो. सैल पडली, तर पायथ्याची दोरी ओढून पुन्हा ताणता येते. सावली सरकली, की बाजही सरकवता येते.

तुमच्या माळ्यावर जुनी बाज पडली असेल, तर ती मोडीत काढू नका. नव्याने विणून घ्या.