रोपवेत बसण्याआधी

मे महिन्यात रायगड पाहायला आलेली माणसं हिरकणीवाडीत रोपवेच्या रांगेत उभी राहतात आणि ‘या उन्हात पाखरूसुद्धा दिसत नाही’ म्हणतात. खरं तर पानगळ आणि पाणीटंचाई बघणाऱ्याच्या पथ्यावरच पडते. उघड्या फांदीवर पक्षी लपत नाही, आणि ओल उरलेल्या मोजक्या जागी फुलपाखरं जमतात. पाणवठ्याकाठचा चिखल वाकून बघा: गुंडाळलेली सोंड उलगडून ती मातीतले क्षार शोषत असतात, त्यांत बहुतेक नरच. काळ्या पंखांवर निळाई मिरवणारी राणी पाकोळी, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, तिथे दिसू शकते.

फुलपाखरांचा खरा बहर पावसाळ्यानंतर, हे मान्य. पण तेव्हा दाट झाडीत पक्षी नुसते ऐकू येतात. शिवाय विणीसाठी येणारा नवरंग पाऊस तोंडावर आला की दोन सुरांची शीळ घालू लागतो. दुपारी सारं चिडीचूप असतं, हा आक्षेपही खरा. म्हणून तर पहाट गाठायची. पिकल्या उंबराखाली अर्धा तास गप्प उभे राहा, वर हरियाल शोधा, आणि पाणवठ्याचा चिखल तेवढा तुडवू नका.