भुज, कोटि, कर्ण आणि विजेचा प्रवाह

घरांत बटन दाबलें कीं दिवा लागतो, ह्यापलीकडे विजेशीं बहुतेकांचा परिचय जात नाहीं. जो विद्यार्थी ती शिकूं लागतो, त्याची खरी परीक्षा दुसऱ्या पाठापासून सुरू होते. बॅटरीचा प्रवाह त्याला लवकर समजतो. पाटाच्या पाण्यासारखा तो एकाच दिशेनें वाहतो आणि त्याचें गणित साध्या भागाकारानें सुटतें. पुढें उलटसुलट वाहणारा, म्हणजे प्रत्यावर्ती, प्रवाह आला कीं हिशेब चुकल्यासारखा वाटतो. येथें तीन आणि चार मिळून सात होत नाहींत, पांच होतात! अनेक जण ह्याच पायरीवर अडखळतात आणि सूत्रें पाठ करून वेळ मारून नेतात.

आपल्या घरीं येणारा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनें करतो, म्हणजे सेकंदांत १०० वेळां दिशा पालटतो. मग जेवढा गेला तेवढाच परत आला, तर हातीं काय राहिलें, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर ताक घुसळणाऱ्या गृहिणीनें द्यावें. रवीची दोरी एकदां इकडे, एकदां तिकडे ओढली जाते. रवी जागची हलत नाहीं, तरी लोणी येतें. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि ऋण संख्येचा वर्गही धनच असतो. म्हणून दोन्ही दिशांचा प्रवाह सारखेंच काम करतो. घरचा दाब २३० व्होल्ट म्हणतात, तो ह्याच वर्गाच्या सरासरीवरून काढलेला असतो. प्रत्यक्षांत तो प्रत्येक आवर्तनांत सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत चढतो आणि शून्यावर उतरतो.

हा चंचल प्रवाह जगानें पत्करला, तो मुख्यतः रोहित्रामुळें. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें कीं, बदलतें चुंबकत्व शेजारच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न करतें. प्रवाह सतत बदलत असेल तरच रोहित्र चालतें आणि दाब हवा तसा वाढवितां-उतरवितां येतो. तेवढ्याच शक्तीसाठीं दाब दहापट केला, तर प्रवाह दशांश होतो व तारेंतील नुकसान शतांशावर येतें. म्हणूनच भुसावळजवळच्या दीपनगर येथें कोळशापासून निर्माण होणारी वीज दाब चढवून दूर धाडतात, आणि धुळ्याच्या मोठ्या उपकेंद्रांत दाब ७,६५,००० व्होल्टपर्यंत असतो. धुळें जिल्ह्यांत साक्रीजवळ २०१३ सालीं १२५ मेगावॅटचें सौर केंद्र सुरू झालें. सूर्यप्रकाशापासून मिळणारी वीज मुळांत एकमार्गी. तीही आधीं प्रत्यावर्ती करावी लागते, तेव्हांच ह्या जाळ्यांत शिरते.

आतां तीन-चार-पांचांचें कोडें. तारेचें वेटोळें प्रवाहाच्या बदलास विरोध करतें. त्यामुळें त्यांतला प्रवाह त्याच्यावरील दाबाच्या पाव आवर्तन मागें राहतो. साध्या रोधांत मात्र दाब व प्रवाह एकाच वेळीं चढतात. दोन्ही एकामागोमाग जोडले, तर त्यांच्यावरील दाबांचीं शिखरें एका क्षणीं येत नाहींत. मग त्यांची सरळ बेरीज कशी व्हावी? पाव आवर्तन म्हणजे काटकोन. म्हणून रोध हा भुज, वेटोळ्याचा विरोध ही कोटि, आणि एकंदर अडथळा हा कर्ण समजावा. भुज-कोटि-कर्णाचा हा न्याय ज्यांच्या ‘लीलावती’मुळें घरोघरीं पोंचला, त्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव ह्यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. खानदेशच्या विद्यार्थ्यास हें गणित परकें वाटण्याचें कारण नाहीं.

उदाहरण घ्यावें. रोध ३० ओहम, वेटोळ्याचा विरोध ४० ओहम. तर कर्ण ५०. २३० व्होल्टला ५० नें भागिलें असतां प्रवाह ४.६ अँपिअर येतो. दाब व प्रवाह ह्यांचा गुणाकार १०५८ भरतो; परंतु प्रत्यक्ष खर्च होणारी शक्ति ६३५ वॅटच असते. दोहोंचें गुणोत्तर ०.६ ह्यालाच पॉवर फॅक्टर म्हणतात. उरलेला व्यवहार उसनवारीचा असतो: वेटोळें चुंबकत्वासाठीं शक्ति घेतें आणि क्षणांत परत करतें. ती खर्च होत नाहीं. पण तिच्या येरझाऱ्यांनीं तारा तापतात.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाहीं. रावेर-यावलच्या केळीबागा विजेच्या पंपांवर जगतात, आणि पंपाची मोटर म्हणजे वेटोळेंच. उन्हाचा पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतां एका रोहित्रावरील सर्व पंप अशी उसनवारी करूं लागले, तर तारेच्या टोकाशीं असलेल्या शेतकऱ्याकडे दाब घटतो. भारावर चाललेली त्याची मोटर अधिक प्रवाह ओढते, तापते आणि जळते. ऐन उन्हाळ्यांत बाग पाण्यावांचून राहते.

ह्यावर उपाय कॅपॅसिटरचा. त्याचा प्रवाह दाबाच्या पाव आवर्तन पुढें असतो. वेटोळें मागतें तेव्हां तो देतो, तें परत करतें तेव्हां तो घेतो. उसनवारी घरच्या अंगणांतच मिटते. वरच्या उदाहरणांत योग्य कॅपॅसिटर समांतर जोडला, तर बाहेरून येणारा प्रवाह ४.६ वरून २.७६ अँपिअरवर येतो आणि तितक्याच कामासाठीं पुरवठ्याच्या तारेंतील नुकसान ३६ टक्के उरतें. मात्र स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटरांत विद्युद्‌भार कांहीं काळ टिकतो. तो उतरविल्याखेरीज जाणत्यानेंही हात लावूं नये.

ज्यानें हा काटकोन एकदां नीट समजून घेतला, त्याला पुढील बहुतेक सूत्रें पाठ करावीं लागत नाहींत. आणि त्यानें शेजाऱ्यास वेळेवर दिलेला योग्य सल्ला एखादी मोटर, कदाचित एखादी बागही, वांचवूं शकेल.